समुपदेशनातली नोकरी: जाहिरात वाचण्यापासून ऑफरवर सही करेपर्यंत

समुपदेशनातली पहिली नोकरी शोधताना बहुतेक जण आधी पगार बघतात, मग घरापासूनचं अंतर, मग संस्थेचं नाव. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. तिथं तुमच्या कामाकडे लक्ष देणारं, अडलं की हात देणारं अनुभवी माणूस आहे का, हे सगळ्यात आधी बघायला हवं. आपल्या क्षेत्रात त्याला सुपरव्हिजन म्हणतात. पहिल्या दोनतीन वर्षांत हाती लागलेल्या सवयी पुढं सहज सुटत नाहीत. चांगल्या सुपरव्हायझरच्या हाताखाली कमी पगारावर काढलेली दोन वर्षं पुढच्या प्रत्येक मुलाखतीत कामाला येतात. एकट्यानं रोज आठ क्लायंट बघत काढलेली दोन वर्षं बहुधा थकवाच देऊन जातात. पुढचं सगळं याच दृष्टीनं लिहिलं आहे. शेवटी समुपदेशक घडवणाऱ्यांच्या, म्हणजे विद्यापीठात समुपदेशन शिकवण्याच्या नोकऱ्यांबद्दलही लिहिलं आहे. ती वाट बरीच वेगळी आहे.

आधी कागदपत्रं: तुमच्या नावापुढे काय लावता येतं?

अर्ज करायच्या आधी, जिथं काम करायचं आहे तिथला नियम वाचा. नियम देशागणिक बदलतो, काही ठिकाणी राज्यागणिकही.

अमेरिकेत परवाना राज्य देतं आणि त्याची नावंही राज्याप्रमाणे वेगळी: कुठं एलपीसी, कुठं एलएमएचसी, कुठं एलपीसीसी. साधारण वाट अशी: ६० सेमिस्टर क्रेडिटची पदव्युत्तर पदवी, एनसीई किंवा एनसीएमएचसीई ही राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा आणि पदवीनंतर देखरेखीखाली केलेले कामाचे तास. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये हे तास ३,००० आहेत. म्हणजे पदवी हातात आली तरी परवाना मिळेपर्यंत पूर्णवेळ कामाची दोनेक वर्षं जातात आणि ती कुणाच्या तरी देखरेखीखालीच काढावी लागतात. जाहिरातीत ‘परवाना घेण्यास पात्र उमेदवार चालतील’ असं असेल तर ती जागा याच टप्प्यावरच्या माणसासाठी असते.

ब्रिटनमध्ये ‘काउन्सेलर’ हे बिरुद कायद्यानं राखीव नाही. तरी बऱ्याच नोकऱ्यांसाठी बीएसीपी, यूकेसीपी किंवा एनसीपीएस या व्यावसायिक संस्थांपैकी कुणाच्या तरी नोंदवहीत नाव असावं लागतं. बीएसीपीच्या वैयक्तिक मान्यतेसाठी ४५० तासांचं प्रत्यक्ष काम लागतं आणि काम चालू असेतो महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन अपेक्षित असतं. कॅनडाच्या ओंटारिओत ‘रजिस्टर्ड सायकोथेरपिस्ट’ हे बिरुद सीआरपीओ ही संस्था देते. पूर्ण नोंदणीसाठी क्लायंटसोबतचे ४५० तास आणि सुपरव्हिजनचे १०० तास लागतात.

भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. साध्या एम.ए. किंवा एम.एस्सी.वर ती मिळत नाही, त्यामुळं त्या पदवीवर स्वतःला क्लिनिकल म्हणवून घेऊ नका. समुपदेशक हा वर्ग २०२१ च्या संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या यादीत आला आहे. यूजीसीनं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासारखे, या कायद्याखाली येणारे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला मनाई केली आहे. ‘घरबसल्या समुपदेशन पदवी’ असली जाहिरात दिसली तर फी भरायच्या आधी हे तपासा. मागणीची बाजूही बदलते आहे. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असं सांगितलं आहे.

देश कोणताही असो, एक काम आजच सुरू करा: तासांची वही. तारीख, ठिकाण, प्रत्यक्ष सत्राचे तास, नोंदी-बैठकांचे तास, वैयक्तिक सुपरव्हिजन, गट सुपरव्हिजन आणि शेवटी सही. सही महिन्याच्या महिन्याला घ्या. सुपरव्हायझर नोकरी बदलतात, परदेशी जातात, संस्था बंद पडतात आणि तीन वर्षांपूर्वीच्या तासांवर सही करायला कुणी तयार होत नाही. क्लायंटची नावं मात्र या वहीत कुठंही येता कामा नयेत.

जागा कोणत्या आणि कुणी कुठं जावं

शाळा आणि महाविद्यालयं ही सगळ्यांना माहीत असलेली जागा. कामाचे तास ठरलेले, सुट्ट्या भरपूर. पण शाळेत बरेचदा तुम्ही एकटेच समुपदेशक असता आणि तासिका रिकामी गेली की वर्गावर तुम्हालाच पाठवतात. रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ, परिचारिका, सोशल वर्कर असा ताफा असतो. शिकायला याहून चांगली जागा नाही, फक्त श्रेणीत तुम्ही तळाशी असता हे धरून चालायचं. व्यसनमुक्ती केंद्रांत गटासोबत काम करायचं कौशल्य पक्कं होतं. कौटुंबिक न्यायालयं, स्त्रियांसाठीची आधार केंद्रं, एचआयव्ही तपासणी केंद्रं, वृद्धसेवा या जागांकडे नवखे फारसे वळत नाहीत, म्हणूनच तिथं स्पर्धा कमी. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, मानसिक आरोग्य समुपदेशकांच्या सेवेचे पैसे देऊ लागला, तेव्हापासून ज्येष्ठांसोबत काम केल्याचा अनुभव तिथल्या संस्थांच्या हिशेबात बसतो.

हेल्पलाइनबद्दल थोडं जास्त. भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन सुरू झाल्यापासून फोनवरच्या समुपदेशनाच्या जागा दिसू लागल्या आहेत. अनेकांना हे काम दुय्यम वाटतं. मला तसं वाटत नाही. फोनवर चेहरा दिसत नाही, पुढचं सत्र होईल याची खात्री नसते आणि पंधरा-वीस मिनिटांत जोखमीचा अंदाज घ्यावा लागतो. ऐकण्याची अशी कसोटी इतर कुठं क्वचितच लागते. वर्षभर हेल्पलाइन केलेला माणूस मुलाखतीत आत्महत्येच्या प्रश्नाला अडखळत नाही. मात्र रात्रपाळी आणि एकामागून एक येणारे कॉल अंगावर येतात. त्यामुळं कॉलनंतर बोलून मोकळं व्हायची सोय आहे का, हे आधीच विचारा.

कंपन्यांच्या कर्मचारी-साहाय्य योजनांत ठरावीक सत्रांतच काम आटोपावं लागतं. थोडक्यात काम कसं करायचं ते तिथं शिकता येतं, पण दीर्घ उपचाराचा अनुभव मिळत नाही. ऑनलाइन मंचांवर लगेच काम मिळतं, पैसे सत्रागणिक मिळतात आणि सुपरव्हिजन बहुधा नावापुरतंच असतं. पहिली नोकरी म्हणून मी तिकडं जायला सांगणार नाही. दुसरी किंवा जोडीची म्हणून चालेल. आणि पदवी मिळाल्या मिळाल्या स्वतःची पाटी लावायची कल्पना कितीही मोहक वाटली तरी तूर्त बाजूला ठेवा.

जाहिरात वाचताना पेन्सिल हातात घ्या

जाहिरातीत जे लिहिलंय त्यापेक्षा जे लिहिलेलं नाही ते महत्त्वाचं. सुपरव्हिजन हा शब्द कुठंच नसेल तर पुढं मागं विचारायची पहिली गोष्ट ठरली. ‘झपाट्यानं चालणाऱ्या वातावरणात काम करण्याची तयारी’ याचा अर्थ बहुधा माणसं कमी आहेत. ‘बहुविध जबाबदाऱ्या’ म्हणजे समुपदेशनासोबत अहवाल, कार्यक्रम आणि कधी स्वागतकक्षही. ‘तातडीनं रुजू होणारे हवेत’ असं असेल तर आधीचा माणूस अचानक का गेला, हे शोधायला हवं.

मग आकड्यांकडे या. आठवड्याला किती सत्रं घ्यावी लागतील? हा आकडा जाहिरातीत नसेल तर फोन करून विचारा, त्यात काही गैर नाही. समजा आठवड्याचे ४० तास आणि २८ सत्रं. ५० मिनिटांचं एक सत्र धरलं तर २३ तास २० मिनिटं सत्रांत गेली. दर सत्राच्या नोंदीला १५ मिनिटं म्हणजे आणखी ७ तास. उरले ९ तास ४० मिनिटं. त्यात सुपरव्हिजन, बैठका, नातेवाइकांचे आणि डॉक्टरांचे फोन, वाचन. जमण्यासारखं आहे. आता सत्रं ३५ करून बघा. सत्रं २९ तास १० मिनिटं, नोंदी ८ तास ४५ मिनिटं, उरले जेमतेम दोन तास. म्हणजे नोंदी घरी नेऊन रात्री पुऱ्या करणं आलं आणि नोंदी तुंबल्या की आज ना उद्या चूक होणारच.

मोबदला सत्रागणिक असेल तर दुसरा हिशेब मांडा. ठरलेल्या पाच सत्रांतलं एक रद्द होईल असं धरून चाला. २५ सत्रं ठरली तर पैसे २० चे. रद्द झालेल्या सत्राचा काही भाग मिळतो का, नोंदींच्या वेळेचे पैसे मिळतात का, हे लेखी हवं. वरवर मोठा दिसणारा सत्राचा दर असा तपासला की बरेचदा साध्या पगाराहून खाली येतो.

पात्रतेच्या यादीतली एखादी गोष्ट तुमच्याकडे नसली तरी अर्ज करायला हरकत नाही. परवाना, नोंदणी, ठरावीक पदवी या अटींत सूट मिळत नाही. ‘दोन वर्षांचा अनुभव असल्यास प्राधान्य’ यात बरीच मिळते.

जाहिरात येण्याआधीच्या जागा

इंटर्नशिप जिथं केली तिथंच नोकरी लागणं ही या क्षेत्रातली नेहमीची गोष्ट आहे, कारण तुमचं काम त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून इंटर्नशिप निवडतानाच विचार करा: इथं पुढं जागा निघते का? इंटर्नशिप संपायच्या दोन महिने आधी सुपरव्हायझरला स्पष्ट सांगा की तुम्हाला इथंच काम करायला आवडेल. त्यांना ते आपोआप कळतं असं समजू नका.

अनोळखी संस्थेला लिहायचं असेल तर थोडक्यात आणि नेमकं लिहा. असं काहीतरी:

‘नमस्कार मॅडम. मी समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. केलं आहे. शेवटच्या वर्षी व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या कुटुंबीयांचा साप्ताहिक गट सहा महिने सहसमुपदेशक म्हणून चालवला. तुमच्या संस्थेत पालकांसाठी असेच गट चालतात, असं तुमच्या वार्षिक अहवालात वाचलं. सध्या जागा नसेल याची कल्पना आहे. या कामासाठी माझ्यात काय कमी आहे आणि ते कुठं शिकता येईल, एवढं विचारायला पंधरा मिनिटं फोनवर वेळ देऊ शकाल का? एका पानाचा परिचय सोबत जोडला आहे.’

यात नोकरी मागितलेली नाही, तरी जागा निघाली की हे नाव आठवतं. दहा जणांना लिहिलंत तर दोनतीन जण उत्तर देतील. बाकीच्यांना पुन्हा एकदाच आठवण करा आणि सोडून द्या.

सीव्ही आणि अर्ज

सीव्हीत ‘विविध क्लायंटना समुपदेशन केलं’ हे वाक्य जवळजवळ सगळेच लिहितात आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी: ‘प्रौढ क्लायंटसोबत २४० तास वैयक्तिक सत्रं. मुख्य अडचणी चिंता, नैराश्य आणि वैवाहिक ताण. दर आठवड्याला एक तास वैयक्तिक आणि दीड तास गट सुपरव्हिजन. सत्रांच्या ध्वनिमुद्रणावर अभिप्राय.’ हे वाचणाऱ्याला तुमच्या कामाचं वजन, प्रकार आणि तुम्ही तपासून घेतलं गेलेलं माणूस आहात हे, तिन्ही एकदम कळतं. ध्वनिमुद्रणाचा उल्लेख मुद्दाम ठेवला आहे. स्वतःचं सत्र दुसऱ्याला ऐकवायची ज्यांची तयारी असते, त्यांच्याबद्दल आमच्या क्षेत्रात लगेच चांगलं मत होतं.

ज्या उपचारपद्धतींची दोन दिवसांची कार्यशाळा केली त्या ‘प्रशिक्षित’ या सदरात घालू नका. ‘परिचय कार्यशाळा’ असं लिहा. प्रमाणपत्रांची लांबलचक रांग लावली की अनुभवी मुलाखतकाराला उलट शंका येते. अर्जात एखाद्या क्लायंटची गोष्ट सांगायचा मोहही टाळा. नाव बदललं तरी गाव, वय, घटना मिळून माणूस ओळखू येतो आणि गोपनीयतेचं भान नसलेला उमेदवार त्याच क्षणी बाद होतो.

मुलाखत: खरी परीक्षा एका प्रश्नाची

‘या क्षेत्रात का आलात?’ हा प्रश्न येणारच. स्वतःच्या आयुष्यातलं दुःख कारण असेल तर ते लपवायची गरज नाही, पण एका वाक्यात सांगा आणि त्यावर तुम्ही स्वतः काय काम केलंत याकडे वळा. उत्तर सांगताना तुम्हीच भरून आलात तर समोरच्याला तुमची काळजी वाटू लागते, तुमच्यावर भरवसा वाटत नाही.

‘तुमची पद्धत कोणती?’ याला ‘मी सगळ्या पद्धती गरजेप्रमाणे वापरतो’ हे सगळ्यात कमकुवत उत्तर. एक पद्धत पायाशी आहे असं सांगा, मग एखाद्या काल्पनिक क्लायंटसोबत पहिल्या तीन सत्रांत तुम्ही काय कराल आणि का, ते बोला.

पण निवड बहुधा ठरते ती जोखमीच्या प्रश्नावर. उदाहरणार्थ: ‘१६ वर्षांची मुलगी दुसऱ्या सत्रात म्हणते, मला जगावंसं वाटत नाही, पण घरी सांगू नका. तुम्ही काय कराल?’

घाईनं ‘लगेच पालकांना कळवीन’ म्हणणारे आणि ‘गोपनीयता महत्त्वाची, सांगणार नाही’ म्हणणारे, दोघेही इथंच मागं पडतात. चांगलं उत्तर टप्प्याटप्प्यानं जातं. आधी तिला थेट विचारायचं: आत्महत्येचे विचार येतात का? असं विचारल्यानं विचार डोक्यात घातला जातो ही समजूत चुकीची आहे. मग किती वेळा येतात, काही ठरवलं आहे का, त्यासाठीचं साधन हाताशी आहे का, याआधी कधी प्रयत्न झाला का, आणि आजवर तिला कशानं धरून ठेवलं. घरात कुणाशी ती बोलू शकते आणि घरचंच कुणी या त्रासाचं कारण आहे का, हेही. दुसरा प्रश्न बरेच जण विसरतात, आणि ज्याच्यामुळं त्रास त्यालाच कळवण्याचा धोका तिथंच असतो. त्यानंतर गोपनीयतेची मर्यादा. ती पहिल्याच सत्रात सांगून ठेवली होती, हे उत्तरात आलंच पाहिजे. आता तिला पुन्हा समजावून, कुणाला, काय आणि कसं सांगायचं हे शक्य तितकं तिच्यासोबत ठरवायचं. तिच्यासोबत लेखी सुरक्षा आराखडा करायचा: धोक्याची लक्षणं, स्वतःला सावरायचे उपाय, संपर्काची माणसं, तातडीची मदत, साधनं दूर करणं. त्याच दिवशी सुपरव्हायझरशी बोलायचं आणि त्याच दिवशी नोंद करायची. जोखीम तातडीची असेल तर तिला एकटं सोडायचं नाही.

‘मी तिच्याकडून स्वतःला इजा करणार नाही असं लिहून घेईन’ हे उत्तर आता जुनं झालं. असल्या वचनपत्रानं माणूस सुरक्षित राहतो याला पुरावा नाही, हे मुलाखतकाराला माहीत असतं. पीएचक्यू-९ सारखी नैराश्य मोजणारी प्रश्नावली वापराल असं म्हणालात, तर मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नाकडे वेगळं बघाल हेही सांगा. एकूण गुण कमी असले तरी त्या एका प्रश्नाचं उत्तर शून्याच्या वर असेल तर पुढची विचारपूस करावीच लागते.

काही ठिकाणी लगेच रोल-प्ले करायला लावतात. मुलाखतकार क्लायंट होतो, तुम्ही दहा मिनिटं समुपदेशक. इथं हुशारी दाखवायला गेलात की फसलात. कमी प्रश्न, जास्त ऐकणं आणि क्लायंटच्या भावनेला शब्द देणं एवढं पुरतं. मध्येच अडलात तर ‘मला क्षणभर थांबून विचार करू द्या’ म्हणा, त्यानं गुण कमी होत नाहीत.

तुम्ही विचारायचे प्रश्न

‘तुम्हाला काही विचारायचंय?’ याला ‘नाही’ म्हणू नका. एवढं तरी विचारा:

- सुपरव्हिजन कोण देतं, किती वेळा, आणि ते कामाच्या वेळेत धरलं जातं का? माझी बढती ठरवणारी व्यक्तीच सुपरव्हायझर आहे का?
- पहिल्या महिन्यात किती क्लायंट आणि सहाव्या महिन्यात किती?
- कामाच्या वेळेबाहेर क्लायंट संकटात सापडला तर फोन कुणाकडे जातो?
- या जागेवरची आधीची व्यक्ती किती काळ होती आणि आता कुठं आहे?

सुपरव्हायझर आणि वरिष्ठ एकच असणं वाईटच असं नाही, पण तिथं आपली चूक उघडपणे मांडायला माणूस कचरतो. तसं असेल तर बाहेरच्या सुपरव्हायझरचा खर्च संस्था उचलते का, हे विचारा. उत्तर देताना समोरचे एकमेकांकडे बघू लागले तर त्याचीही मनात नोंद ठेवा.

ऑफर हातात आल्यावर

पगाराबद्दल सगळीकडे बरंच लिहिलेलं असतं, त्यामुळं मी बाकीच्या कलमांवर बोट ठेवते. व्यावसायिक दायित्व विमा, म्हणजे कामातल्या चुकीबद्दल तुमच्यावर दावा झाला तर कामाला येणारा विमा, कुणी काढायचा? नोकरी सोडल्यावर ठरावीक काळ, ठरावीक अंतरात काम करायचं नाही अशी अट आहे का? तुम्ही गेल्यावर तुमच्या क्लायंटचं काय होणार, त्यांना निरोप द्यायला वेळ मिळणार का? नोंदी कुणाच्या ताब्यात राहतात आणि किती वर्षं? सुपरव्हिजन तोंडी कबूल केलं असेल तर ते तासांसकट पत्रात लिहून मागा. ‘आमच्याकडे सगळं विश्वासावर चालतं’ असं उत्तर आलं तर विनम्रपणे पुन्हा मागा.

प्रशिक्षण शुल्क, नोंदणी शुल्क, अनामत असं काही आधी भरायला सांगणारी जागा नोकरी देत नसते, तुमच्याकडून पैसे घेत असते. तिथून निघा.

शिकवायचं असेल तर

समुपदेशकांना शिकवण्याच्या नोकरीसाठी संस्था एका माणसात तीन माणसं शोधते: समुपदेशन केलेला, शिकवता येणारा आणि संशोधन करणारा. तिन्हींचा पुरावा लागतो आणि तो गोळा करायला वर्षं जातात, म्हणून तयारी लवकर सुरू करायची.

अमेरिकेत या विषयाची स्वतंत्र डॉक्टरेट आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेली केक्रेप ही संस्था अभ्यासक्रमांना मान्यता देते. मान्यताप्राप्त विभागांत पूर्णवेळ प्राध्यापक म्हणून घेताना समुपदेशक-शिक्षण विषयातली डॉक्टरेट मागतात आणि ती केक्रेप-मान्य असावी असं अनेक जाहिरातींत असतं. मानसशास्त्रातली डॉक्टरेट असलेल्यांना हे उशिरा कळतं आणि मग हळहळ वाटते. या डॉक्टरेटमध्ये ६०० तासांची इंटर्नशिप असते आणि समुपदेशन, सुपरव्हिजन, अध्यापन, संशोधन, नेतृत्व-पाठपुरावा यांपैकी काही क्षेत्रांत ती करता येते. पुढं शिकवायचं पक्कं असेल तर त्यातला मोठा वाटा अध्यापन आणि सुपरव्हिजनला द्या. भारतात सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के आणि नेट किंवा सेट लागते, ठरावीक नियमांत बसणारी पीएच.डी. असेल तर नेटमधून सूट मिळते. पण कागदावर पात्र ठरणं आणि समुपदेशन शिकवता येणं यांत फरक आहे. ज्यानं क्लायंट पाहिलाच नाही त्याच्या वर्गात कौशल्यं शिकवली जात नाहीत, त्यांच्या व्याख्या पाठ करून घेतल्या जातात.

अमेरिकी विद्यापीठांचं वेळापत्रक ठरलेलं असतं. पुढच्या वर्षीच्या जागांच्या जाहिराती ऑगस्ट-सप्टेंबरपासून येऊ लागतात, हिवाळ्यात मुलाखती होतात आणि रुजू व्हायचं पुढच्या ऑगस्टमध्ये. अर्जासोबत पत्र, सीव्ही, अध्यापनाबद्दलचं निवेदन, संशोधनाचा आराखडा आणि तीन शिफारसी लागतात. एकच पत्र सगळीकडे पाठवलेलं निवड समितीला पहिल्या परिच्छेदातच कळतं. विभागाच्या पानावर जा, कोण काय शिकवतं ते बघा आणि त्यांच्याकडे कोणता विषय शिकवायला माणूस नाही तो ओळखून तेवढ्यावर लिहा.

पुढच्या फेरीत प्रत्यक्ष वर्ग घ्यायला सांगतात. विषय समजा, भावना ऐकून ती परत शब्दांत मांडण्याचं कौशल्य. वेळ २० मिनिटं. बहुतेक उमेदवार स्लाइडवर व्याख्या दाखवतात. त्यापेक्षा तीन मिनिटं स्वतः करून दाखवा, मग विद्यार्थ्यांना जोड्यांत करायला लावा आणि दोन जोड्यांना सगळ्यांसमोर अभिप्राय द्या. तुम्ही अभिप्राय कसा देता, यावर समितीचं जास्त लक्ष असतं.

सुपरव्हिजनबद्दल असा प्रश्न येतो: विद्यार्थिनी सांगते सत्र छान झालं, पण ध्वनिमुद्रणात क्लायंट रडू लागताच तिनं विषय बदललेला ऐकू येतो. तुम्ही काय कराल? जॅनिन बर्नार्ड यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात सुपरव्हायझरच्या तीन भूमिका आहेत: शिक्षक, समुपदेशक, सल्लागार. शिक्षक म्हणून, रडणाऱ्या माणसासोबत थांबायचं कसं ते दाखवता येईल. समुपदेशकाच्या भूमिकेतून, त्या क्षणी तिच्या मनात काय आलं हे विचारता येईल. सल्लागार म्हणून, पुढच्या सत्रासाठी तीच पर्याय सुचवील असं करता येईल. समितीला ऐकायचं असतं ते हे की तुम्ही यांतली कोणती भूमिका आधी घ्याल आणि का. मी दुसरीपासून सुरुवात करीन, कारण थांबायचं कसं हे तिला बहुधा माहीत असतं, अडलेलं दुसरीकडे असतं. पण तिथं हद्दही सांभाळायची. विद्यार्थिनीची थेरपी करायला सुपरव्हायझर बसलेला नसतो, गरज वाटली तर तिला दुसऱ्याकडे पाठवायचं.

आणखी एक अवघड प्रश्न हमखास येतो: अभ्यासात हुशार, पण क्लायंटशी तुसडेपणानं वागणारा विद्यार्थी उत्तीर्ण करायचा का? इथं गोलमोल बोलू नका. लेखी अभिप्राय, सुधारणेचा ठरावीक मुदतीचा आराखडा, विभागातल्या इतरांशी चर्चा आणि तरीही बदल नसेल तर त्याला थांबवायची तयारी. यात कायदेशीर आणि मानसिक ताण असतो, तेही कबूल करा.

तासिका तत्त्वावरच्या जागांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. अनुभवासाठी एखाददोन सेमिस्टर ठीक. ‘पुढं कायम करू’ या शब्दावर वर्षानुवर्षं थांबू नका. नियमित जागेची ऑफर आलीच, तर आठवड्याला किती तासिका, प्रॅक्टिकमच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या क्लायंटसोबतच्या सरावाच्या, सुपरव्हिजनचे तास अध्यापनात मोजतात का आणि एका प्राध्यापकामागे किती विद्यार्थी, हे तीन प्रश्न विचारा. केक्रेपच्या नियमात हे प्रमाण, दोघांचाही पूर्णवेळाच्या तुलनेत हिशेब करून, जास्तीत जास्त १२ विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक असं आहे, तुलनेला तो आकडा मनात ठेवा.

ज्यांना आज थेट शिकवायची नोकरी मिळण्यासारखी नाही, त्यांनी आपल्या कामाच्या जागी इंटर्न घ्यायला सुरुवात करावी. काही देशांत त्यासाठी सुपरव्हिजनचं वेगळं प्रशिक्षण आणि ठरावीक वर्षांचा अनुभव लागतो, ते आधी पाहा. इंटर्नमुळं विद्यापीठाशी संबंध येतो, मग एखाद्या तासाला बोलावणं येतं, पुढं कुणाच्या तरी सोबत अर्धा अभ्यासक्रम शिकवायची संधी. दर वेळी विद्यार्थ्यांचा लेखी अभिप्राय घेऊन जपून ठेवा. अर्ज करायची वेळ येते तेव्हा अध्यापनाचा पुरावा म्हणून हेच कागद पुढं करायचे असतात.